बांध सरकारचा, बुडणे रयतेचे

दरसाल मृगाच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणी पुराच्या बंदोबस्ताची एक बैठक भरते. चहापाणी होते, नदीकाठच्या गावांची यादी वाचली जाते, होड्या किती आणि दोर किती याचा हिशेब होतो आणि मंडळी आपापल्या गाड्यांतून घरोघर जातात. या बैठकीस आम्ही नावे ठेवीत नाही. होड्या हव्यात, दोरही हवेत. आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या यादीत गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर घातलेल्या मातीच्या बांधाचे नाव का नसते? नदी कोठे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु ज्या मातीच्या पाळीच्या भरवशावर खालची दहा-वीस घरे रात्री डोळे मिटतात, ती पाळ धड आहे की फुटकी, हे कोणाच्या दप्तरात लिहिले आहे?

आमचे म्हणणे काहींना झोंबेल, पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. ज्या मातीच्या बांधाला धनी नाही, तो बांध नसलेल्यापेक्षा वाईट होय. बांध नसला तर माणूस आभाळाकडे पाहून सावध राहतो. बांध असला की तो निर्धास्त होतो, नाल्याच्या काठी गोठा घालतो, भट्टी लावतो, लेकरांना निजवतो. आणि ज्या रात्री चार तासांत हाताएवढा पाऊस कोसळतो, त्या रात्री तोच बांध साठवलेले सारे पाणी एका दमात त्याच्या उशाशी आणून सोडतो.

आपल्या वर्धा जिल्ह्याची ठेवणच अशी आहे की, पाण्याशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. उत्तरेस आष्टी, कारंजा, आर्वीकडचे डोंगर, तेथून जमीन दक्षिणेकडे उतरत आलेली. पश्चिमेची शीव वर्धा नदीने आखलेली. पोटात यशोदा, धाम, बोर आणि वणा. सारे पाणी फिरून फिरून शेवटी वर्धा नदीतच जाणार. वणेच्या वरच्या अंगाला, नागपूर जिल्ह्यात, वडगाव आणि नांद ही दोन धरणे आहेत. तेथले पाणी सोडले आणि इकडे आभाळही फाटलेले असले, म्हणजे हिंगणघाटकरांचे काय होते ते त्यांनाच विचारावे. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट आणि समुद्रपूर या दोन तालुक्यांनी जे भोगले ते अजून विसरण्याजोगे झालेले नाही. पऱ्हाटी गेली, सोयाबीन गेले, आणि कित्येकांच्या वावरातली वरची काळी मातीच वाहून गेली. पीक पुढल्या साली पुन्हा उभे राहते. माती पुन्हा येत नाही.

मोठ्या नद्यांचे मोठे पूर सगळ्यांना दिसतात. पण आमच्या शेतकऱ्याचे निम्मे नुकसान नदी करीत नाही, नाला करतो. येथे थोडे गणित करू या, कारण गणित न केल्यामुळेच आपण फसतो. १ हेक्टर वावरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी १,००० घनमीटर म्हणजे १० लाख लिटर होते. लहानशा नाल्याच्या मागे १०० हेक्टर रान असेल, तर एका पावसात १ लाख घनमीटर पाणी खाली पडले. त्यातले निम्मे मुरले असे समजा. पण आपली काळी जमीन आधीच चिंब भिजली असेल, तर ती तेवढेही मुरू देत नाही. म्हणजे ५० हजार घनमीटर किंवा त्याहून अधिक पाणी त्या चिंचोळ्या नाल्यातून काही तासांत उतरणार. त्या नाल्यात बेशरम माजलेली, गाळ भरलेला, दोन्ही काठचे धुरे आत सरकलेले. पाणी जाणार कोठे? ते वावरात शिरते.

अशा नाल्याला वरच्या अंगाला मातीचा लहान बांध घातला, तर त्याचा उपयोग होतो काय? खचित होतो. जे म्हणतात की, लहान बांध म्हणजे पोरखेळ आहे, पूर अडवायला डोंगराएवढी धरणेच हवीत, त्यांस आमचे सांगणे आहे की, त्यांनी एकदा नाल्याकाठी राहून पाहावे. लहान बांध पूर अडवीत नाही, तो पुराचा वेग मोडतो. जे पाणी दोन तासांत यायचे ते सहा तासांत येते, लोंढ्याचा माथा खाली बसतो, आणि कंबरभर पाण्याच्या जागी घोटाभर पाणी येते. गरिबाच्या घरी कंबरभर आणि घोटाभर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कंबरभर पाण्यात कोठीतले धान्य जाते. घोटाभर पाण्यात ते वाचते.

परंतु या उपयोगाला एक अट आहे. लोंढा पोटात घ्यायचा तर पोट रिकामे असावे लागते. पुरासाठी घातलेला बांध पावसाळ्याच्या भरात मोरी उघडी ठेवून रिकामा होत राहिला पाहिजे. ओलितासाठी घातलेला बांध भरलेला हवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या सवती आहेत. मधला मार्ग निघतो, नाही असे नाही. खालचा भाग पाण्यासाठी आणि वरचा भाग लोंढ्यासाठी मोकळा ठेवता येतो. पण त्याला कोणीतरी बांधावर जाऊन मोरी उघडणारा, मिटणारा, पाणी मोजणारा माणूस लागतो. तो माणूस कोठे आहे?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही वणेच्या खोऱ्यातल्या एका गावी असा बांध पाहिला. गावाचे नाव लिहीत नाही, कारण लिहिले तर दोष त्या गावाच्या माथी बसेल, आणि अशी गावे एक नाहीत. पांदणीने बंडी जाईल तेथवर गेलो, पुढे पायी. बांध दोन पुरुष उंचीचा. माथ्यावर मधोमध खोलगट झालेले, म्हणजे भर बसला आणि पुन्हा कोणी टाकला नाही. पाण्याकडच्या अंगाचे दगड निघून गेलेले. खालच्या अंगाला बाभळीची झाडे मांडीएवढी जाड झालेली. सांडव्याच्या तोंडाशी दगड आणि मातीची पोती रचलेली. आमच्यासोबत एक म्हातारे बाबा होते. त्यांना विचारले, हा बांध कोणत्या खात्याचा? बाबा हसले. म्हणाले, "भाऊ, बांधतानी साहेब आलते, नारय फोडलं, फोटो काढून गेलते. मंग कोनी फिरकलंच नाही. आता कोनाचा म्हनावं त्याले?"

आम्ही तालुक्याला एका कचेरीत विचारले. तेथल्या गृहस्थांनी दुसऱ्या कचेरीचे नाव सांगितले. दुसऱ्या कचेरीने सांगितले की, काम आमचे नव्हे, आम्ही फक्त निधी दिला होता. तिसरीकडे कपाटातून एक वही निघाली, तिच्यात बांध "पूर्ण" असा शेरा होता आणि खाली सही. पूर्ण! मातीचा बांध कधी पूर्ण होत असतो काय? माळ्याचा मळा एकदा लावला की पूर्ण होतो काय? कुंभाराचे चाक एकदा फिरवले की पूर्ण होते काय?

या कचेऱ्यांचा गुंता रयतेला कळणे कठीण आहे. कोठे शेतकी खात्याने घातलेला माती नाला बांध, कोठे जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाचा तलाव (१०० हेक्टरांपर्यंतच्या ओलिताची कामे तिच्याकडे असतात), कोठे जलसंधारण खात्याचे काम, कोठे वनखात्याचे, तर कोठे रोजगार हमीवर ग्रामपंचायतीने केलेले. घालताना पाच धनी. बोर आणि पोथरा यांसारख्या मोठ्या मातीच्या धरणांना निदान पाटबंधाऱ्याचे चौकीदार तरी असतात. लहान बांधाच्या नशिबी ढोरक्यांवाचून कोणी नाही.

मातीचा बांध मरतो कसा, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बांध नीट घालायचा तर खाली कठीण थरापर्यंत चर खणून तो चिकण मातीने ठोकून भरावा लागतो. मध्ये चिकण मातीचा गाभा आणि बाहेरून मुरुमाचे पांघरूण घालावे लागते. थर वीतभराहून जाड नको, तो भिजवून दाबला पाहिजे. आपल्याकडे सोय म्हणून नुसती काळी माती ओढून ढीग करतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात आत जाईल एवढी, आणि पावसाळ्यात फुगून लोण्यासारखी घसरते. हे आपल्या वावरात आपण रोज पाहतो, पण कागदावर बांध आखणाऱ्याला ते दिसत नाही. मग होते काय? एक तर पाणी माथ्यावरून जाते. मातीच्या बांधावरून पाणी गेले की तो घटकाभरही टिकत नाही, खालची बाजू खरवडत खरवडत तोंड उघडते. म्हणूनच सांडवा हा बांधाचा प्राण. तो भरावात नसावा, बाजूच्या कठीण जमिनीत असावा आणि मोकळा असावा. दुसरे, पाणी पोटातून वाट काढते. उंदराचे बीळ, खेकड्याचे बीळ, वाळलेल्या झाडाचे कुजके मूळ, मोरीच्या बाजूची पोकळी यांतून आधी झिरप लागते. झिरप स्वच्छ असेल तर बिघाड नाही, लक्ष ठेवावे. झिरपेचे पाणी गढूळ दिसू लागले की समजावे, बांध आतून वाहू लागला आहे. त्या क्षणी खालची घरे रिकामी करावीत. साहेबांच्या हुकमाची वाट पाहू नये.

खेकड्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, तिवरे येथील मातीचे धरण फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते आहे अशी ओरड गावकऱ्यांनी आधीच केली होती. त्यावर त्या खात्याच्या तेव्हाच्या मंत्रिमहोदयांनी काय सांगावे? तर खेकड्यांनी धरण पोखरले! साऱ्या महाराष्ट्राने ते ऐकले. काही मंडळींनी खेकडे पकडून पोलिसांच्या हवाली करण्याचे सोंगही केले. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. खेकडा बीळ करतो हे खोटे नाही. कोकणातला खेकडा असो की विदर्भातला उंदीर, त्याचा जन्मच बिळासाठी आहे. पण ते बीळ पाहून बुजवणे हा ज्याचा धर्म, ज्याला त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, तो कोठे होता? घर फोडले गेले तर पहारेकरी म्हणेल काय की, चोर असतात, त्यांचा स्वभावच तसा?

आणि तिवरे तरी कोणाच्या दप्तरात होते. १२ जुलै १९६१ रोजी पुणे बुडवणारे पानशेतही दप्तरात होते. मातीचे ते धरण, काम अपुरे असताना पाण्याने भरले आणि फुटले. पुणे बुडाले म्हणून त्याच्यावर चौकशी आयोग बसले, ग्रंथ लिहिले गेले. आमच्या नाल्यावरचा बांध फुटला तर तलाठी येतो, पंचनामा करतो आणि त्यात लिहितो, "अतिवृष्टीने नुकसान". बांध फुटल्याचा शब्दही कागदावर येत नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला की अतिवृष्टी, असा नियम आहे. एकदा ती लिहिली की, सारे पाप आभाळाच्या खात्यावर चढते.

आता कायद्याचे पाहू. २०२१ साली दिल्लीच्या संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. चांगले केले. परंतु तो लागू कोणाला? १५ मीटरहून उंच धरणांना. १० ते १५ मीटर उंचीचे असेल तर आणखी अटी, जसे की ५०० मीटर लांबी, नाहीतर १० लाख घनमीटर साठा, नाहीतर सेकंदाला २,००० घनमीटर पुराचा विसर्ग, नाहीतर पाया अवघड असणे. १० मीटरहून खालच्या बांधाला या कायद्यात जागा नाही. सरळ अर्थ असा की, मोठ्या धरणाखालच्या माणसाच्या जिवाची कायद्याने किंमत केली, लहान बांधाखालच्या माणसाची केली नाही. कायदेपंडित म्हणतील, सगळ्याच नाल्यांवरचे बांध देशाच्या कायद्यात कसे घालणार? बरोबर. मग राज्याने घालावेत, जिल्हा परिषदेने घालावेत. पण कोणी तरी घालावेत की नाही? सहा मीटरच्या बांधामागचे पाणी निजलेल्या लेकराला बुडवताना उंची विचारीत नाही.

कोणी म्हणेल, पैसा नाही. हे मात्र आम्ही ऐकून घेणार नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झाले, २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याची घोषणा झाली. कॅगच्या २०२० सालच्या अहवालात त्यावरचा खर्च ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये असा दिला आहे, आणि भूजल वाढण्याच्या कामी त्याचा उपयोग थोडाच झाला असेही म्हटले आहे. जानेवारी २०२३ पासून तीच योजना दुसऱ्यांदा सुरू झाली. या कामांनी कोठेच लाभ झाला नाही असे आम्ही म्हणणार नाही. चांगली खोलीकरणाची कामे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत, नाल्याकाठची वावरे पाण्याखाली जायची थांबली आहेत. आमचा आक्षेप निराळा आहे. नवीन खोदायला हजारो कोटी निघतात, आणि जुन्या बांधावर दोन टोपल्या मुरूम टाकायला दमडी निघत नाही, हे काय गौडबंगाल आहे? गौडबंगाल काहीच नाही. नव्या कामाला ठेका असतो, उद्घाटन असते, कोनशिला असते. डागडुजीला यांतले काहीच नसते. दोन टोपल्या मुरुमावर कोणाचे नाव कोरणार?

पूर्वी ही अक्कल आपल्याच लोकांत होती. शेजारी भंडारा, गोंदिया, चंद्रपुराकडे जा. तेथे गोंड राजांच्या काळापासूनचे मातीच्या पाळीचे तलाव आजही उभे आहेत. ते घातले कोहळी शेतकऱ्यांनी. कोणत्याही विद्यालयाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. पाणी सोडण्याच्या जागेला ते तुडुम म्हणतात. पाळ कोणी पाहायची, गाळ कोणी काढायचा, पाणी कोणाला आधी, याचे गावोगाव रिवाज होते आणि इंग्रजी अमदानीत ते वाजिब-उल-अर्जात लिहूनही ठेवलेले होते. मालगुजार काही देवमाणसे नव्हते, रयतेच्या घामावर ते गब्बर झाले, हे आम्ही कधी झाकणार नाही. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, ते योग्यच झाले. पण मालगुजार गेला तेव्हा तलावावरचा त्याचा हक्क सरकारने घेतला आणि पाळ राखण्याचे कर्तव्य मात्र वाटेत कोठेतरी सांडले. आणि आपले वडार बांधव? माती ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मूठभर माती हातात चोळून ती बांधाला चालेल की नाही हे सांगणारी माणसे त्यांच्यात होती. त्यांच्या हातचे काम जेसीबीने घेतले. नवी पिढी बिगारीवर गेली, आणि बांध कसा राखावा हे सांगणारा गावात उरला नाही.

जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी सरकारला उपाय सुचवला आहे की, पोलीस आणि पलटणीतली रिकामी माणसे लावून रानोमाळ ताली-बंधारे अशा बेताने घालावेत की, पावसाचे पाणी वावरात मुरत मुरत मग नाल्याला आणि नदीला जाऊन मिळावे, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि विहिरींना पाणी राहील. तळ्यांतला आणि नाल्यांतला गाळ काढण्याचेही त्यात आहे. सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये काढली, तेव्हा आम्हाला जोतीरावांची आठवण झाली. त्यांचे ऐकायला १३४ वर्षे लागली! जोतीरावांचा बांध वावराच्या धन्याच्या डोळ्यासमोरचा होता. आमच्या सरकारांनी बांध घेतला आणि डोळा तेवढा काढून टाकला.

बुडतो कोण, हेही पाहिले पाहिजे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात हिंगणघाटचे वर्णन आहे. गावाचे दोन भाग, जुने आणि नवे. जुने अस्ताव्यस्त वसलेले, नदीचे पाणी अधूनमधून शिरणारे. नवे रुंद रस्त्यांचे, झाडे लावलेले, चांगल्या घरांचे. ही मांडणी काही हिंगणघाटापुरती नाही. गावोगाव पाहा, उंचावर कोणाचे वाडे आणि नाल्याच्या काठाला कोणाची खोपटी? कुंभाराला माती आणि पाणी हवे म्हणून तो खाली. परटाला घाट हवा म्हणून तो खाली. ढीवर, भोई पाण्यावर जगतात म्हणून खाली. महार-मांगांना तर गावाने वर जागाच दिली नाही. म्हणजे बांध फुटला की पहिले पाणी कोणाच्या दारात, हे पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी ठरून गेले आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातले मोवाड बुडवले, दोनशेहून अधिक माणसे गेली. एवढ्या मोठ्या नदीपुढे लहान बांधाचे काय चालणार, असे कोणी म्हणेल. काही चालणार नाही. पण रात्रीच्या पाण्याला गरीब माणूस कसा सापडतो, हे मोवाडने साऱ्या विदर्भाला दाखवले.

नंतर मिळते काय? २०२२ ते २०२६ या मुदतीसाठी केंद्राने मदतीचे जे निकष ठरवले, त्यांत कारागिराच्या अवजारांसाठी ५,००० रुपये आणि कच्च्या मालासाठी ५,००० रुपये आहेत, तेही अधिकाऱ्याचा दाखला असेल तर. कुंभाराची भरलेली भट्टी, विणकराचा माग, सुताराचा अड्डा, यांची ही किंमत! आणि कित्येक कारागिरांना तर ही रक्कम मागता येते हेच ठाऊक नसते. वाचकांनी ही गोष्ट आपल्या आळीत अवश्य वाचून दाखवावी आणि पंचनाम्याच्या वेळी अवजारांची यादी आपल्या हाताने तलाठ्यापुढे ठेवावी.

इतके सरकारला बोललो, आता आपल्या माणसांना बोलतो. त्या बांधाच्या सांडव्यात दगड आणि पोती कोणी रचली होती? सरकारने नव्हे. वरच्या अंगाच्या दोन-चार वावरवाल्यांनी, हरभऱ्याला आणखी एक पाणी मिळावे म्हणून. सांडवा हातभर उंच झाला की साठा वाढतो हे त्यांस कळते, आणि माथ्यावरचा मोकळा हातभर भाग नाहीसा होतो हे कळत नाही, किंवा कळूनही वळत नाही. बांधाचा मुरूम कोणी नेला? ज्याला घराची जोती भरायची होती त्याने. बुडीत जमिनीत नांगर कोणी घातला? आपणच. मासे अडावेत म्हणून सांडव्याला जाळी कोणी लावली, जिच्यात काडीकचरा अडकून तोंड बंद होते? आपल्यापैकीच कोणी. पाटलाच्या वावरासाठी खालच्या आळीचा जीव टांगणीला लावायचा, आणि पुढे फुटल्यावर सरकारच्या नावाने बोटे मोडायची, हा न्याय नव्हे. शेतकरी शेतकऱ्याला बुडवू लागला तर आम्ही लेखणी कोणासाठी झिजवायची?

आमची मागणी फार मोठी नाही. जिल्हा परिषदेने आठही तालुक्यांतले मातीचे सारे बांध, मग ते कोणत्याही खात्याने घातलेले असोत, एका वहीत लिहावेत, आणि प्रत्येकापुढे एका कचेरीचे आणि एका अधिकाऱ्याच्या हुद्द्याचे नाव असावे. ज्या बांधापुढे नाव लिहायला कोणी तयार नसेल, तो बांध उन्हाळ्यात, पाणी नसताना, नीट तोंड पाडून मोकळा करावा. ऐकायला हे कडू लागेल. पण बेवारशी बांधाखाली झोपण्यापेक्षा मोकळा नाला परवडला. दर साली मे महिन्यात ग्रामसभेपुढे त्या अधिकाऱ्याने बांधावर येऊन पाहणी करावी, मोरी उघडून दाखवावी, सांडवा मोकळा करून घ्यावा, आणि काय पाहिले ते चावडीवर लावावे. नव्या बांधाला जो पैसा मंजूर होईल, त्यातला काही हिस्सा डागडुजीसाठी आधीच काढून ठेवावा आणि तो दुसरीकडे वळवू नये. खालच्या आळीतल्या दोन माणसांना, त्यांत एक बाई असावी, पावसाळ्याचे चार महिने मानधन देऊन बांधावर नेमावे. बांध फुटला तर सगळ्यांच्या आधी त्यांच्याच घरात पाणी येणार आहे, म्हणून त्यांच्याइतका जागा पहारेकरी दुसरा मिळणार नाही.

आणि वाचकांनी सरकारच्या वहीची वाट पाहत बसू नये. आपल्या शिवारात किती मातीचे बांध आहेत, कोणत्या साली घातले, सांडवा मोकळा आहे की कोंडलेला, झिरप कोठे लागते आणि ती गढूळ आहे की स्वच्छ, खाली किती घरे आहेत, हे एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत द्यावे, पोच घ्यावी, आणि एक नक्कल आमच्याकडे धाडावी. ज्याला लिहिता येत नसेल त्याने शाळेतल्या पोराकडून लिहवून घ्यावे. आलेली प्रत्येक यादी आम्ही गावाच्या नावानिशी छापू, आणि ग्रामपंचायतीच्या पोचेची तारीखही तिच्याखाली छापू.